सरपंचबाईंची सही

खाडीकाठची: ‘कोकणात बाई सरपंच म्हणजे नवऱ्याचा शिक्का, आरक्षण रद्द करा’ ही कालची पोस्ट डोक्यात गेली. शिक्का होतो कसा, ते आधी बघा. चेकवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचा ग्रामसेवक) दोघांच्या सह्या लागतात. चेकबुक आणि इतिवृत्ताची वही घरी गेली की बाई चुलीपुढेच सही करते. वही कार्यालयाबाहेर न्यायची नाही, ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही, एवढं पाळा. ग्रामसभेआधीची महिला सभा बहुतेकदा कागदावरच. त्यात २ ऑक्टोबरची ग्रामसभा, लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलेलं! बाया शेतात, गणपूर्ती म्हणजे किमान हजेरी नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पाचसात पुरुष ठराव करून मोकळे.

कातळसडा: पोस्ट माझीच. १९९३ पासून एक तृतीयांश, २०११ पासून निम्म्या जागा. अजून किती थांबायचं? १९४५ला गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूत वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा कुठलं आरक्षण होतं? आपल्या मुरुडच्या महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांना शिकवलं, तेही आरक्षणाशिवायच.

देवरुखी: कर्वे म्हटलं की फक्त अण्णाच का? त्यांच्या पत्नी बाया कर्वे, लग्नाआधीच्या गोदूबाई, आमच्या देवरुखच्या. बालविधवा गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या, त्या अण्णांशी लग्न होण्याआधी. लग्न १८९३चं. मुरुडकरांनी वाळीत टाकलं, त्याची झळ दोघांनाही बसली. नाव मात्र एकाचंच घेता.

कातळसडा: विषय सरपंचांचा आहे, भरकटवू नका.

देवरुखी: भरकटवत नाहीये! बाईचं काम नवऱ्याच्या खात्यावर मांडायची सवय इथूनच लागते. इंदिराबाई हळब्यांनी १९५४ला देवरुखात मातृमंदिर उभं केलं, सुरुवात दोन खाटांच्या प्रसूतिगृहाने. तिथे कुठला नवरा सही करत होता?

माडाखाली: दोघंही मूळ सोडून भांडताय. घोळ फिरत्या आरक्षणात आहे. अंदाजपत्रक, विकास आराखडा, निधीचे नियम कळेपर्यंत बाईची तीन वर्षं जातात. पाचव्या वर्षी ती तयार होते, तोच आरक्षणाची सोडत निघते, पद खुलं होतं आणि गावातलं निवडणुकीचं पॅनेल तिला विचारतही नाही. मग पुन्हा नवी बाई, पुन्हा पहिल्यापासून. पद सलग दोन मुदती राखीव ठेवा.

कातळसडा: हे पटलं. ‘रद्द करा’ मागे घेतो. नवऱ्यांबद्दल लिहिलेलं एक अक्षर मागे घेणार नाही.

खाडीकाठची: ते घेऊच नका. २ ऑक्टोबरची सभा दिवसभराची कापणी आटोपल्यावर संध्याकाळी लावा, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.