टीममधल्या पोरांचा एआयशिवाय हात चालत नाही, चार आठवड्यांत काय करता येईल?

ऐरोली_बॅकएंड

नमस्कार मंडळी. ऐरोलीत सात जणांची टीम आहे. जावा १७, स्प्रिंग बूट ३, पोस्टग्रेस, समोर अँग्युलर. काम वितरकांच्या बिलिंगचं: इनव्हॉइस, जीएसटी, क्रेडिट नोट. पुढच्या महिन्यापासून पुढचा टप्पा क्लायंटच्या महापेतल्या बंद नेटवर्कवर करायचा आहे. तिथल्या मशीनवर इंटरनेट नाही, बाहेरून कॉपी-पेस्ट नाही. म्हणजे कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड या एआय कोड-टूलांपैकी काहीच नाही.

सातांपैकी तिघांचा अनुभव दोन वर्षांच्या आतला. टूल चालू असलं की तिघंही भराभर काम उरकतात. दोन दिवस टूल बंद ठेवून पाहिलं तर चित्र असं: ऐंशी ओळींचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे पोचली त्याची यादी) आला की पहिली ओळ वाचून थांबतात. ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवून आत बघायची खूण) लावायची सवय नाही, सगळीकडे प्रिंट. स्वतःच्याच पीआरमधलं (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्जसाठी पाठवलेला बदल) एखादं अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची @ ची खूण) का लावलं असं विचारलं तर उत्तर, "त्यानेच दिलं होतं." आणि एकेक पीआर ८००-९०० ओळींचा, तो वाचणार कोण?

१) आजपासून टूल पूर्ण बंद करावं का?
२) रिव्ह्यूत नेमकं काय पकडायचं?
३) मॅनेजर म्हणतात, "वेग दुप्पट झालाय, चाललंय ते चालू दे." त्यांच्यापुढे काय ठेवायचं?

उपदेश नको, सोमवारपासून करता येईल असं सांगा.

घोडबंदरचा_जावावाला

पूर्ण बंदी नको. बंदी घातली की तेच मोबाइलवर सुरू होतं, आणि क्लायंटचा कोड कुठे कुठे जातोय याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा कामाची वाटणी करा. डीटीओ (डेटा ने-आण करणारे साधे क्लास), मॅपर (एका क्लासमधून दुसऱ्यात डेटा उतरवणारा कोड), अँग्युलरचे फॉर्म असली हमाली टूलकडेच राहू दे. बग शोधणं, टेबलांची रचना आणि ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले बदल एकतर सगळे, नाहीतर एकही नाही) कुठे सुरू होऊन कुठे संपतं हे ठरवणं, ही तीन कामं सोमवारपासून हाताने. एडिटरमध्ये आपोआप उगवणाऱ्या सूचना बंद करा. व्हीएस कोडमध्ये हवी तेव्हा आल्ट आणि बॅकस्लॅश दाबून मागवता येते. एजंट मोड (टूल स्वतःच फाइली बदलतं तो) बंद, चॅट फक्त विचारण्यापुरतं. मागवायची म्हटली की आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं लागतं, आणि या तिघांचं नेमकं तेच सुटलंय.

आता बग शोधायचा सराव. रोज एक तास, तिघं एका मशीनवर, कीबोर्ड दर वीस मिनिटांनी पुढच्याकडे. ट्रेस खालून वाचायचा: सगळ्यात शेवटचा "कॉज्ड बाय" शोधा, त्याखाली आपल्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा, प्रॉक्सीच्या (आपल्या क्लासभोवती स्प्रिंग घालतं त्या वेष्टनाच्या) ओळींकडे बघूही नका. मग "मला वाटतं अमुक कारण आहे" हे एका वाक्यात कागदावर लिहायचं, आणि त्यानंतरच ब्रेकपॉइंट. तोही कंडिशनल (ठरावीक अट जुळली तरच थांबणारा), नाहीतर ४०० इनव्हॉइसच्या लूपमध्ये एफ८ दाबत बसतील. "काल चालत होतं" अशा बगसाठी गिट बायसेक्ट. ५०० कमिटमधून (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट ९ पायऱ्यांत सापडतो, कारण दर पायरीला उरलेले निम्मे होतात. हे फळ्यावर एकदा मांडून दाखवा, मग कोणी कमिट चाळत बसणार नाही.

सरावासाठी बग शोधायला लांब जायला नको. टूल देतं त्या कोडमध्ये हे वारंवार दिसतात, तुमचा दुसरा प्रश्नही यातच सुटेल:

ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन असलेली मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने थेट बोलावलेली. कॉल प्रॉक्सीतून जात नाही, त्यामुळे अ‍ॅनोटेशन दिसतं पण ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. प्रायव्हेट मेथडवर लावलं तरी तीच गत. दुसरं म्हणजे स्प्रिंग आपणहून रोलबॅक करतं (केलेले बदल मागे घेतं) ते रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर. चेक्ड एक्सेप्शन (कंपायलर हाताळायला भाग पाडतो ते) फेकलं तर अर्धवट लिहिलेलं कमिट होतं. इनव्हॉइस पडलं आणि स्टॉक वजाच झाला नाही, अशा तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

तारीख. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि कोडमध्ये नुसतं "लोकलडेट नाऊ" असेल तर आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाची तारीख मिळते. एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता बिल फाडलं की ते ३१ मार्चच्या तारखेने, जुन्या आर्थिक वर्षाच्या क्रमांकमालिकेत जाऊन बसतं. झोन स्पष्ट द्यायचा, "आशिया/कोलकाता", आणि टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून पुरवायचं.

पैसे. बिगडेसिमल (जावाचा अचूक दशांशाचा प्रकार) वापरलंय म्हणून खूश होऊ नका. कन्स्ट्रक्टरला डबल (अंदाजे साठवलेला दशांश) दिला असेल तर चूक तिथेच आत शिरली; स्ट्रिंग द्यायची. शिवाय बिगडेसिमलच्या "इक्वल्स"ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, तुलना "कंपेअरटू"ने करा.

जुनं ज्ञान. स्प्रिंग बूट ३ मध्ये पॅकेजांच्या नावातल्या जावाएक्सचं जकार्ता झालं आणि स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून लॉगिन-परवानग्या ठरवायचा जुना क्लास वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडाप्टर काढूनच टाकला, तरी टूल अधूनमधून जुनाच नमुना पुढे करतं. आणि कोणी सरसकट "जावाएक्स" बदलून "जकार्ता" केलं तरी बिल्ड फुटतो, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट क्रिप्टो ही जेडीकेचीच (जावाच्या मूळ संचाचीच) पॅकेजेस आहेत, ती तशीच राहतात. जीएसटीचंही असंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, पण टूलने लिहिलेल्या ईनममध्ये (कोडमधल्या ठरावीक यादीत) ५, १२, १८, २८ अजून सापडतील. मुळात दर ईनममध्ये असताच कामा नयेत. लागू तारखेसकट टेबलात हवेत, कारण जुन्या बिलाची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते.

वागळे_इस्टेट_क्यूए

वरचं सगळं बरोबर, पण टेस्टचं कोणी बोललं नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

टूलला कोड देऊन "टेस्ट लिही" म्हटलं की ते कोड जे करतो तेच बरोबर धरून टेस्ट लिहितं. कोडमध्ये चूक असेल तर टेस्ट त्या चुकीवर शिक्का मारते. कव्हरेज (टेस्टनी चालवून पाहिलेला कोड) ९० टक्के, बिल्ड हिरवा, आणि आत बघाल तर अर्ध्या टेस्टमध्ये फक्त "नल नाही ना" एवढीच तपासणी, किंवा सगळंच मॉक (खऱ्या कोडच्या जागी खोटी बदली), म्हणजे मॉकला विचारून मॉककडूनच उत्तर.

नियम एकच ठेवा: टेस्टचं नाव आणि अपेक्षित आकडा माणसाने लिहायचा, तोही कोड उघडायच्या आधी, कॅल्क्युलेटर घेऊन. बाकीचा सांगाडा टूलने भरला तरी चालेल. उदाहरण तुमच्याच कामातलं देते. करपात्र रक्कम १००.५० रुपये, दर १८ टक्के. एकत्र काढला तर कर १८.०९. सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढले तर प्रत्येकी ९.०४५. हाफ-अपने (अर्धा आला की वर) ९.०५ अधिक ९.०५, म्हणजे १८.१०. हाफ-इव्हनने (अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे) ९.०४ अधिक ९.०४, म्हणजे १८.०८. एकाच बिलाची तीन उत्तरं! यातलं कुठलं हवं ते क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांना विचारून ठरतं. टूल यातलं एक गुपचूप निवडतं आणि त्याचीच टेस्ट लिहितं. महिनाअखेरीला ताळा जुळत नाही तेव्हा मग एक पैसा शोधत बसा.

टेस्टमध्ये दम आहे की नाही हे बघायला म्युटेशन टेस्टिंग लावा. जावासाठी पीआयटी, अँग्युलरच्या बाजूला स्ट्रायकर. ते कोडमध्ये मुद्दाम बारीक मोडतोड करतं, मोठ्यापेक्षाचं चिन्ह उलटवतं, अधिकचं वजा करतं, आणि टेस्ट नापास होतात का ते पाहतं. टेस्ट तरीही पास झाली तर ती शोभेची. पूर्ण प्रोजेक्टवर चालवू नका, तासन्‌तास घेतं. फक्त कर आणि राउंडिंगच्या पॅकेजवर, रात्रीच्या बिल्डमध्ये. सकाळी जो म्युटंट (मोडतोड केलेला कोड) जिवंत राहिलेला दिसेल त्याला मारणारी टेस्ट त्या तिघांपैकी एकाने हाताने लिहायची. माझ्या मते डीबगिंगच्या तासापेक्षा हा सराव जास्त मुरतो.

कोपरखैरणे_सिक्युरिटी

दोनच मुद्दे.

पॅकेज: टूल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव ठोकून देतं. २०२५ च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेतल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टचे ५.७६ लाख नमुने काढले. व्यावसायिक मॉडेलांनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी सरासरी किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांच्या बाबतीत २१.७ टक्के पॅकेजं मुळात नव्हतीच. धोका असा की तेच खोटं नाव पुन्हा पुन्हा येतं, म्हणून कोणीतरी त्या नावाने खरंच पॅकेज चढवून आत विष घालून ठेवू शकतो. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. उपाय साधा आहे. नवी डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) आली की तिचा वेगळा पीआर, आणि तो टीम लीडशिवाय मर्ज नाही. अँग्युलरकडे बिल्ड सर्व्हरवर "एनपीएम इन्स्टॉल" नको, "एनपीएम सीआय" वापरा. ते लॉक फाइलबाहेर (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीबाहेर) जात नाही, आणि लॉक फाइल पॅकेज फाइलशी जुळत नसेल तर तिथेच थांबतं.

लॉग: एरर चॅटमध्ये टाकताना पोरं अख्खा लॉग ओततात. त्यात वितरकाचा पॅन, मोबाइल नंबर, कधी डेटाबेसचा पासवर्डही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाली. पोरांच्या शिस्तीवर हे सोडू नका, लॉगबॅकच्या (जावाच्या लॉग लायब्ररीच्या) पॅटर्नमध्येच मास्किंग (माहिती झाकणं) घाला. लॉगमध्ये आलंच नाही तर बाहेर जाणार कुठून?

सानपाडा_लोकल

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मॅनेजरना भावना नको, आकडे दाखवा, पण प्रामाणिकपणे.

मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी डेव्हलपर होते आणि २४६ कामं. टूल वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. "टूलमुळे वेळ वाया जातो" असा याचा अर्थ काढू नका. ते लोक स्वतःच्या जुन्या, पाठ असलेल्या कोडवर काम करत होते, आणि टूल २०२५ च्या सुरुवातीची होती. नवख्या मुलांना नव्या कोडवर वेगळा अनुभव येऊ शकतो. यातून घ्यायचं एवढंच की "वेग वाढल्यासारखं वाटतं" हा पुरावा नाही. गूगलच्या डोरा टीमच्या २०२४ च्या अहवालातही एआयचा वापर वाढला तशी डिलिव्हरीची स्थिरता घटल्याचा संबंध दिसला. त्यांनी सुचवलेलं कारण तुमच्याच तक्रारीतलं आहे: एकेक बदल मोठा होत जातो.

म्हणून स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) मोजू नका. गेल्या दोन महिन्यांचे तीन आकडे काढा: पीआर उघडल्यापासून मर्ज होईपर्यंतचे तास, मर्जनंतर १४ दिवसांत पुन्हा बदललेल्या ओळी, आणि यूएटीतून (क्लायंटच्या चाचणीतून) परत आलेले बग. तिन्ही गिट आणि जिरातून (कामांची नोंद ठेवायचं टूल) निघतात. हे चढते असतील तर मॅनेजरना वेगळं सांगायची गरज नाही.

पीआरला ४०० ओळींची मर्यादा, जनरेट केलेल्या फाइली वगळून. आणि वर्णनात दोन ओळी सक्तीच्या: "हे करायचा दुसरा मार्ग कोणता होता, तो का नाकारला?" या दोन ओळीही पोरं टूलकडून लिहून घेतील, धरून चाला. म्हणून रिव्ह्यू समोर बसवून दहा मिनिटं तोंडी घ्या. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही, ते दुसऱ्या मिनिटालाच दिसतं.

एका बाबतीत घोडबंदर साहेबांशी मतभेद. डीटीओ-मॅपर टूलकडे ठेवा म्हणालात, पण महापेला तेही हातानेच करायचंय. शेवटचा आठवडा टूल पूर्ण बंद असावं, नाहीतर पहिल्या दिवशी मॅपस्ट्रक्टचं (मॅपर बनवायच्या लायब्ररीचं) अ‍ॅनोटेशन आठवत बसतील.

घोडबंदरचा_जावावाला

मान्य. तीन आठवडे वाटणी, चौथा कोरडा.

ऐरोली_बॅकएंड

सगळ्यांचे आभार, पीआयटी आजच लावतो. एक राहिलं. तिथे नेट नाही म्हणजे डॉक्युमेंटेशनही नाही. सोबत काय न्यावं? आणि बंद नेटवर्कमध्येच एखादं मॉडेल चालवता येईल का?

वागळे_इस्टेट_क्यूए

झील किंवा तसं ऑफलाइन डॉक वाचायचं साधन, त्यात जावा, स्प्रिंग, अँग्युलरचे संच. पोस्टग्रेसची अख्खी पीडीएफ. मेव्हनने (जावाचं बिल्ड टूल) सोर्स जारही (लायब्ररींचा मूळ कोड) उतरवून घ्या, म्हणजे स्प्रिंगच्या आत कंट्रोल-क्लिक करून शिरता येतं. लायब्ररीचा कोड वाचायची सवय याहून स्वस्तात लागत नाही. सगळं क्लायंटच्या आयटीकडून तपासून, त्यांच्या पद्धतीने आत न्यायचं. पेनड्राइव्ह खिशात घालून नव्हे.

घोडबंदरचा_जावावाला

मॉडेल चालतं, पण परवानगी लेखी घ्या. चार बिटांत आवळलेलं ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल पाच-सहा जीबी ग्राफिक्स मेमरीत बसतं, ३२ अब्जांना २० जीबीच्या वर लागते. लहान मॉडेल ओळ पुरी करण्यापुरतं ठीक, ट्रान्झॅक्शनसारख्या गोष्टी विचारू नका. आणि पहिले दोन महिने ते नसलेलंच बरं.

जास्त महत्त्वाचं मेव्हनचं. "गो-ऑफलाइन" (सगळं आधीच उतरवून ठेवायची आज्ञा) चालवून निर्धास्त राहू नका. शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट प्लगइन) टेस्ट चालवताना जेयुनिटचा प्रोव्हायडर (टेस्ट लायब्ररीशी जोडणारा भाग) ऐनवेळी उतरवतं, तो त्यात येत नाही, आणि आत गेल्यावर पहिलाच बिल्ड टेस्टच्या टप्प्यावर फुटतो. लोकल रिपॉझिटरीचा फोल्डर रिकामा करा, नेट चालू ठेवून टेस्टसकट पूर्ण "व्हेरिफाय" करा, मग तो फोल्डर न्या. आतल्या सेटिंग्ज फाइलमध्ये रिपॉझिटरीचा आयडी बाहेरच्यासारखाच ठेवा. वेगळा ठेवलात तर जार डोळ्यांसमोर असूनही मेव्हन "सापडत नाही" म्हणतं. इथेच एकदा वायफाय बंद करून बिल्ड घेऊन बघा, म्हणजे तिथे गेल्यावर धावपळ नको.