'ऑब्सोलीट' काडतूस म्हणजे मुदत संपलेलं का?

पहाटवारा
एका अमेरिकन शिकाऱ्याच्या आठवणींचा अनुवाद करतेय. आजोबांची रायफल नातवाकडे येते. विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल १९०७', .३५१ ची (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, साधारण इंचात). मूळ वाक्य एवढंच, की बंदूक सेमी-ऑटोमॅटिक आणि काडतूस ऑब्सोलीट. मी लिहिलं, "रायफल अर्धस्वयंचलित, पण तिची काडतुसं कालबाह्य झालेली." संपादकांनी विचारलं, "कालबाह्य म्हणजे तारीख उलटलेली ना? मग तो नवी का आणत नाही?" तिथेच अडले. नवी निघायला तर हवीत! हे काडतूस विंचेस्टरने याच एका मॉडेलसाठी काढलं होतं. १९५७ च्या सुमारास रायफल बंद झाली आणि मग काडतूसही मागे पडलं. दोन्ही शब्दांना काय म्हणू?

जुना कारकून
'कालबाह्य' अगदी बरोबर आहे. आपण 'कालबाह्य रूढी' म्हणतो तेव्हा रूढीला एक्स्पायरी डेट असते का? दोष संपादकांच्या वाचनात आहे.

सह्यकडा
रूढी वेगळी, दारू भरलेली वस्तू वेगळी. काडतूस खरंच जुनं होऊन सर्दावतं, त्यामुळे वाचक तोच अर्थ घेणार. 'नामशेष' कसा वाटतो?

कोपरखळी
नामशेष म्हणजे गेंडा-माळढोक आठवतात. सरळ 'मृत काडतूस' म्हणा, मृत भाषेसारखं.

सह्यकडा
मुळीच नको! पोलिसांच्या बातम्यांत 'दोन जिवंत काडतुसे जप्त' असतं. तिथे जिवंत म्हणजे न उडवलेलं. त्याच्या उलट मृत नव्हे, पुंगळी, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारं रिकामं कवच. 'मृत काडतूस' वाचून लोक रिकामी पुंगळीच समजतील.

शिवाय मेलेलं तरी कुठे? रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९०६ मध्ये 'मॉडेल ८' रायफल काढली, बंदुका रचणाऱ्या जॉन ब्राउनिंगच्या रचनेची. तिला चार काडतुसं होती: .२५, .३०, .३२ आणि .३५. पहिली तीन मागे पडली, .३५ टिकलं. आणि त्या गेलेल्या .३० च्याच पुंगळीवरून शंभरेक वर्षांनी अमेरिकेत लष्करी वापरासाठी ६.८ मिमीचं नवं काडतूस बेतलं. याला मृत म्हणायचं?

खाजेवाला
आमच्या सावंतवाडीकडे आजोबांकडे एक परदेशी रायफल होती. त्यांच्या परवान्यावर होती, कुणी शंका काढू नये. शिकार बंद होऊन जमाना झाला तरी ते ती पुसत बसायचे. कुणी विचारलं, की एकच उत्तर: "ह्येची काडतुसां आता गावनत नाय." झाला ऑब्सोलीटचा अनुवाद.

पहाटवारा
खाजेवाले, हे आवडलं! आमच्याकडे दुकानदार म्हणतो, "ते मॉडेल आता येत नाही." म्हणजे 'आता येत नाहीत अशी काडतुसं'. फक्त विशेषण हवंय तिथे अख्खं वाक्य होतंय.

जुना कारकून
विशेषणाच्या जागी वाक्य वापरणं हा आळस आहे. सावरकरांनी एवढे प्रतिशब्द दिले ते कशासाठी? 'लुप्तप्रचार' म्हणा. आणि अर्धस्वयंचलितऐवजी 'स्वयंभरणी'.

कोपरखळी
'स्वयंभरणी' ऐकून मला गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली.

सह्यकडा
हसा, पण कारकूनबुवांचा हा शब्द मूळच्या जास्त जवळ आहे. त्या काळी विंचेस्टर या रायफलींना 'सेल्फ-लोडिंग' म्हणायची आणि रेमिंग्टन 'ऑटोलोडिंग'. मराठीतही बंदुकीला भरण्यावरूनच नाव पडतं ना? ठासणीची. मग ही 'आपसूक भरणारी'. 'अर्धस्वयंचलित'मधलं 'अर्ध' मात्र डोक्याला ताप आहे, जणू अर्धं काम यंत्र करतं आणि अर्धं शिकारी. प्रत्यक्षात पुंगळी फेकणं, पुढचं काडतूस नळीत चढवणं सगळं तीच करते. घोडा तेवढा दर गोळीला ओढायचा.

देवळालीकर
घोडा नव्हे, चाप! बोटाने ओढतात तो चाप. घोडा म्हणजे आघात करणारा हातोडा. आणि १९०७ काय, मॉडेल ८ काय, दोन्हींत घोडा पेटीच्या आत दडलेला, त्यामुळे तो ओढायचा म्हटलं तरी सापडणार नाही.

कोपरखळी
मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

देवळालीकर
गुंडांच्या बोलीवरून शब्दचर्चा करायची असेल तर मी निघतो.

जाता जाता: दोन्ही 'आपसूक' असल्या तरी रीत वेगळी. रेमिंग्टनमध्ये नळीच बोल्टसकट, म्हणजे तिचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्यासकट, मागे सरकते. विंचेस्टरमध्ये बोल्टला नळीशी अडकवणारं कुलूपच नाही, नुसत्या जड लोखंडाच्या वजनावर बोल्ट थोपवून धरलेला. म्हणून रायफल दिसते आटोपशीर, पण हातात घेतली की भारी. पहिलं काडतूस चढवायला पुढच्या लाकडातून डोकावणारी दांडी आत दाबायची. अनुवादात हे आलं असेल तर तिला 'खटका' म्हणू नका.

पहाटवारा
आलंय, आणि मी खटकाच लिहिलंय. बदलते.

जुना कारकून
मुळात 'काडतूस' तरी का ठेवायचं? आणि ते देशीच असावं असा माझा कयास आहे. काडी अधिक तूस. काडीएवढ्या नळीत भरलेला भुसा.

खाजेवाला
कारकूनकाका, पोर्तुगीज कार्तुश हो! घमेलं आणि बिजागरी आली त्याच गलबतातून. मूळ अर्थ कागदाची गुंडाळी, कारण आधी दारू कागदातच बांधत.

जुना कारकून
ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे.

कोपरखळी
आणि काडी अधिक तूस म्हणजे काय?

मायमावशी
तुमचं चालू द्या. मला वर आलेल्या 'पुंगळी'चं नवल वाटलं. आमच्या घरी चुलीत फुंकायच्या नळीला पुंगळी म्हणत.

देवळालीकर
ती फुंकणी.

मायमावशी
फुंकणी लोखंडाची, विकतची. पुंगळी बांबूची, घरी कापलेली. माझ्या आईने दोन्ही वापरल्यात.

पहाटवारा
'आपसूक भरणारी' घेतेय. ऑब्सोलीटचं अजून अडलंय, कुणी सांगेल का?

खाजेवाला
मावशी, आमच्याकडे बांबूचीसुद्धा फुंकणीच. तुमचं गाव कुठलं?