सल्ला हवा: बोटीभोवतीचा पाण्याचा प्रवाह लॅपटॉपवर सोडवायचा आहे

निमुळती_नाळ: नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. १२ मीटर लांब, २ मीटर रुंद बोट, वेग ८ नॉट. नाळेचे (बोटीच्या पुढच्या टोकाचे) दोन आकार काढलेत, एक सरळ उभी आणि एक पुढे झुकलेली. कोणत्या नाळेला पाण्याचा रोध कमी, एवढंच शोधायचंय. हाताशी ८ कोअर आणि १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, सहा आठवडे. लायसन्सला पैसे नाहीत, नवा संगणक घेणं शक्य नाही. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत?

जाळीवाला: ओपनफोम, प्रवाह सोडवणारं फुकट सॉफ्टवेअर. दुसरा विचारच करू नका. त्यात डीटीसी-हल नावाचं उदाहरण तयार मिळतं, ड्युइसबुर्गच्या चाचणी जहाजाचं. ते उचला, त्यांचा हल (जहाजाचं बाहेरचं कवच) काढून तुमचा घाला. पाणी आणि हवा एकत्र सोडवणारा सॉल्व्हर, इंटरफोम. मी तसंच शिकलो. एक लक्षात ठेवा, तिथे अर्ध्याच जहाजाचं गणित होतं, मधोमध सममिती. आलेला रोध दुप्पट करायचा मी विसरलो होतो आणि आठवडाभर माझा हल जगात भारी आहे या आनंदात होतो.

एकशेअठ्ठावीस: १६ जीबीवर हे होणार नाही, स्पष्ट सांगतो. माझ्याकडे ३२ कोअर, १२८ जीबी आहे. ६० लाख सेलचा (गणितासाठी केलेले पाण्याचे-हवेचे बारीक तुकडे) रन संध्याकाळी लावतो, सकाळी निकाल तयार. एकदाच खर्च करा, पुढची पाच वर्षं बघायला नको.

रात्रपाळी: त्या पैसे नाहीत म्हणाल्यात. आणि नुसते कोअर वाढवून वेग वाढत नाही, अडतं ते मेमरीच्या बँडविड्थवर. माझ्या लॅपटॉपवर ४ कोअरला आणि ८ कोअरला जवळपास सारखाच वेळ लागतो.

एकशेअठ्ठावीस: म्हणूनच वर्कस्टेशन म्हणतोय. त्यात मेमरीचे चॅनेल जास्त असतात.

रात्रपाळी: मग तसं म्हणा. कोअर कशाला मोजता?

तिठा: ओपनफोमला +१. अर्धं जहाज, निकाल दुप्पट.

टाकीवाला: आम्ही मॉडेल ओढून मोजणारी माणसं. विल्यम फ्रूडने १८७२ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये टॉर्कीला मॉडेल ओढायची टाकी बांधली, तेव्हापासून हाच मार्ग खरा ठरलाय. संगणकाचा आकडा मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय मी मानत नाही. आधी केसीएस, म्हणजे पडताळणीसाठी वापरतात ते कंटेनर जहाज, सोडवा. पूर्ण आकारात जहाज २३० मीटरचं, मॉडेल ७.२८ मीटरचं, वेग २.१९६ मीटर प्रति सेकंद, फ्रूड अंक (लांबीच्या मानाने वेग) ०.२६. मोजलेले आकडे सगळ्यांना खुले आहेत. ते जुळले तर पुढे बोला.

जाळीवाला: सहा आठवड्यांत केसीएसही आणि त्यांची बोटही? केसीएसच्या मेशमध्येच (सेलच्या जाळीत) माझे दोन महिने गेले होते.

टाकीवाला: गेले तर गेले. न ताडलेला निकाल घेऊन परीक्षकांसमोर कसं उभं राहणार?

पाणरेघ: मूळ प्रश्नाकडे येते. ८ नॉट म्हणजे ४.१२ मीटर प्रति सेकंद. या वेगाला बोटीमागच्या आडव्या लाटेची लांबी १०.८ मीटरच्या आसपास येते, जवळजवळ बोटीएवढी. मागे दोन-तीन लाटा मावतील एवढं पाणी ठेवा, नाहीतर बाहेर जाणाऱ्या सीमेवरून लाट परत येते. वॉल फंक्शन (हललगतच्या प्रवाहाचं तयार सूत्र) वापरणार असाल तर हलला लागून पहिला थर १ मिलिमीटर जाड धरा, वाय-प्लस (हलपासूनचं एककरहित अंतर) ६० च्या घरात बसतो.

रन सुरू करायच्या आधी बोट स्थिर पाण्यात ठेवून उभं बल बघा. ते बोटीच्या वजनाएवढं यायलाच हवं. माझं एकदा ४ टक्के कमी आलं, शोधलं तर पाण्याची पातळी एक सेल खाली भरलेली.

दुसरं, तळाचं चित्र रोज उघडून पाहा. तळ पूर्ण पाण्यात असतो, म्हणजे पाण्याचा अंश (सेलमध्ये पाणी किती, ० ते १) १ दिसला पाहिजे. माझ्या एका रनमध्ये नाळेपासून मागे फिकट पट्टे ओघळले होते, अंश ०.८. नाळेपाशी हवा सेलमध्ये मिसळून तळाखाली ओढली गेली होती. घर्षण कमी दिसत होतं आणि मी ते आकाराचं यश समजत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. १२ मीटर ही एकूण लांबी की जलरेषेची? झुकलेली नाळ पाण्याला ११ मीटरवर भेटत असेल तर फ्रूड अंक ०.३८ वरून ०.४० वर जातो. मग तुम्ही नाळ तपासत नाही, लांबी तपासताय.

तिठा: जलरेषेच्या मुद्द्याला +१. हवा तळाखाली जाते हे मीही पाहिलंय.

निमुळती_नाळ: सगळ्यांचे आभार. पाणरेघताई, एकूणच लांबी धरली होती. दोन्ही नाळी आता १२ मीटर जलरेषेवर आणि सारख्याच वजनावर काढल्यात.

दहा दिवस ओपनफोमवर घालवले. मेश थोडी बारीक केली की दोन नाळींमधला फरक उलटतो, आणि याहून बारीक मेश या लॅपटॉपवर मावत नाही. म्हणून वेगळं ठरवलंय. जलरेषा आणि वजन सारखं, भिजणारा पृष्ठभागही जवळपास सारखाच, त्यामुळे घर्षणात फारसा फरक नाही. फरक लाटांत आहे. लाटांसाठी मिचेलचं १८९८ चं सडपातळ जहाजाचं सूत्र मी स्वतः पायथनमध्ये लिहितेय. घर्षणाला आयटीटीसी या मॉडेल-टाकीवाल्यांच्या परिषदेची १९५७ ची रेषा. एक वेग काही सेकंदांत सुटतो.

जाळीवाला: नका करू. मिचेलमध्ये स्निग्धता नाही, बोट धावताना पाण्यात बसते-कलते त्याचा हिशेब नाही. ०.३८ ला तुमची बोट बसणारच.

टाकीवाला: मिचेल लाटांचे चढउतार फुगवून दाखवतो. आम्ही मोजून पाहिलंय.

एकशेअठ्ठावीस: रॅम वाढवली असती तर मेश मावली असती.

निमुळती_नाळ: मान्य आहे, आणि या मर्यादा अहवालात लिहीन. पण लांबी रुंदीच्या सहापट आहे आणि मला दोन नाळींमधला फरक हवाय, नेमका न्यूटनचा आकडा नकोय. काल विगली हलवर (सोप्या सूत्राने आखलेला चाचणीचा आकार) पहिली वक्ररेषा काढली. लाटांच्या रोधाचा मोठा उंचवटा फ्रूड ०.५ पाशी आला, जिथे यायला हवा तिथेच. रात्री दोनला तो पडद्यावर उमटला आणि मी हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला उठवून दाखवला.

जाळीवाला: बरं. दोन्ही नाळींचे ऑफसेट (प्रत्येक छेदावरची रुंदीची मापं) इथे टाका. माझ्या मशीनवर ८ नॉटला दोन रन लावतो, तुमच्या फरकाशी ताडून बघू.

निमुळती_नाळ: २१ छेद आहेत. रात्री टाकते.