डेटाबेस सर्व्हरचं नाव खरंच बदलावं, की डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) उपनाव देऊन भागवावं?

टेबलस्कॅन: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरपुरतं बोलतोय. मशीन एकटं असेल, क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीन्सचा गट) नसेल, तर सरळ नाव बदला. विंडोजमध्ये नाव बदलून रीस्टार्ट केल्यावर काम दोन ओळींचं:

एसपी_ड्रॉपसर्व्हर 'जुनं_नाव';
एसपी_अ‍ॅडसर्व्हर 'नवं_नाव', 'लोकल';

मग एसक्यूएलची सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. ती केली नाही तर @@सर्व्हरनेम (एसक्यूएलने स्वतःकडे ठेवलेलं सर्व्हरचं नाव) जुनंच नाव सांगत बसतं. नेम्ड इन्स्टन्स (मशीनवर वेगळ्या नावाने चालणारी एसक्यूएलची प्रत) असेल तर 'मशीन\इन्स्टन्स' असं पूर्ण लिहा. त्यातला इन्स्टन्सचा भाग मात्र बदलत नाही.

संशयात्मा: दोन ओळी आतल्या झाल्या, बाहेरचं कोण निस्तरणार? सर्व्हिस डोमेन खात्यावर चालत असेल आणि एसपीएन (सर्व्हिसची डोमेनमधली नावनोंदणी) हाताने नोंदवलेला असेल, तर तो जुन्याच नावाचा राहतो. मग ओळख पटवणं कर्बेरॉसवरून गुपचूप जुन्या एनटीएलएम पद्धतीवर घसरतं. साधं लॉगिन चालतं, म्हणून सगळे खूश. लिंक्ड सर्व्हरवरून (एका सर्व्हरला जोडलेला दुसरा सर्व्हर) पुढे उडी मारली की 'एनटी अथॉरिटी\अ‍ॅनॉनिमस लॉगऑन'ची एरर. दुसरं, टीएलएस सर्टिफिकेटवर (एन्क्रिप्टेड कनेक्शनसाठी सर्व्हरचं ओळखपत्र) जुनं नाव. ओडीबीसी ड्रायव्हर (अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा भाग) १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, त्यामुळे १७ वर चाललेलं कनेक्शन तिथे अडतं. त्यावर कोणीतरी 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस' (सर्टिफिकेट न तपासता विश्वास ठेव) टाकतो आणि ते कायमचं तिथेच राहतं. त्यापेक्षा नाव राहू द्या, उपनाव द्या.

टेबलस्कॅन: उपनावालाही सर्टिफिकेटमध्ये नोंद लागतेच की! एसपीएनचीही खात्री करून घ्यावीच लागते. वर अ‍ॅलर्टच्या मेलमध्ये एक नाव, अ‍ॅप्लिकेशनमध्ये दुसरं. मी उलटं करीन: नाव बदला आणि *जुनं* नाव काही दिवस उपनाव म्हणून जिवंत ठेवा. आदल्या दिवशी टीटीएल (डीएनएसचं उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) कमी करा. जुन्या नावाचा ए रेकॉर्ड (नावापुढे थेट आयपी देणारी नोंद) आधी काढा, कारण त्याच नावावर ए आणि सीनेम (उपनावाची नोंद) एकत्र नांदत नाहीत.

रात्रपाळी: बॅकअप विसरलात दोघंही. फोल्डरचं नाव @@सर्व्हरनेमवरून बनवणारी स्क्रिप्ट त्या रात्रीपासून नवं फोल्डर उघडते. जुन्या फोल्डरची साफसफाई थांबते, डिस्क भरत जाते. मेंटेनन्स प्लॅनच्या आतलं कनेक्शनही जुन्या नावाकडेच बघत असतं. लोकल विंडोज खात्यांची लॉगिन 'जुनं\खातं' अशीच दिसत राहतात, ती 'ऑल्टर लॉगिन ... विथ नेम'ने बदलायची. आणि ड्रॉपसर्व्हरला १५१९० एरर आली तर रिमोट लॉगिन शिल्लक आहेत, ती आधी काढा.

इलिफंट_१६: पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतःच्या कॅटलॉगमध्ये (आतल्या नोंदींमध्ये) मशीनचं नाव ठेवतच नाही. स्टँडबायवरचं (राखीव प्रतीवरचं) प्रायमरी_कॉनइन्फो, म्हणजे मुख्य सर्व्हरशी जोडणीची माहिती, आणि क्लायंट तपासले की बहुतेक काम झालं. मायएसक्यूएलच्या रेप्लिकावर (नक्कल सर्व्हरवर) मात्र जपा: रिले_लॉग (मुख्य सर्व्हरकडून आलेल्या बदलांच्या फाइलचं नाव) स्वतः ठरवून दिलेला नसेल तर फाइलचं नाव होस्टनेमवरून बनतं, आणि होस्टनेम बदललं की रेप्लिकाला जुनी फाइल सापडत नाही.

संशयात्मा: एसक्यूएल सर्व्हरवर रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल) असेल तर असं नाव बदलणं मायक्रोसॉफ्टच समर्थित मानत नाही (अपवाद लॉग शिपिंगसोबतचं, म्हणजे लॉग बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्यासोबतचं रेप्लिकेशन). मिररिंग (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत प्रत) असेल तर आधी बंद करा, मग पुन्हा उभारा. पण माझा खरा आक्षेप वेगळाच. जुनं उपनाव 'काही दिवस' म्हणजे किती? ते अजून कोण वापरतंय हे सर्व्हरला दिसत नाही. सिस.डीएम_एक्झेक_कनेक्शन्स या चालू कनेक्शन्स दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये क्लायंटचा आयपी मिळतो, त्याने कोणत्या नावाने हाक मारली ते नाही.

टेबलस्कॅन: हा मुद्दा बिनतोड. मग सीनेम सोडून देऊ. त्याच नेटवर्क कार्डावर दुसरा आयपी द्या आणि जुन्या नावाचा ए रेकॉर्ड तिकडे वळवा. त्याच व्ह्यूमधल्या लोकल_नेट_अ‍ॅड्रेस या कॉलममध्ये क्लायंट कोणत्या आयपीवर आला ते दिसतं. पंधरा मिनिटांनी एकदा टेबलात साठवत राहा, महिनाअखेरची बॅच एकदा जाऊ द्या. तोवर जुन्या नावाचा एसपीएन काढू नका.

संशयात्मा: चालेल. फक्त दुसरा आयपी देताना 'स्किपअ‍ॅजसोर्स' ही विंडोजची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर विंडोज तोही नव्या नावाखाली डीएनएसमध्ये नोंदवेल आणि मोजणीच खोटी ठरेल.