लोगोवर अडकलेला फोन: रिसेटची घाई नको

अपडेटनंतर अँड्रॉइड फोन सुरू होताना कंपनीच्या लोगोच्या पुढे जात नाही म्हटल्यावर बहुतेकजण थेट फॅक्टरी रिसेट (फोन नव्यासारखा कोरा करणं) सुचवतात. थांबा जरा! त्यात फोटो, मेसेज सगळंच साफ होतं आणि बॅकअप नसेल तर परत मिळणं जवळपास अशक्य.

आधी कव्हर काढा. घट्ट कव्हरने आवाजाचं बटण दाबलं गेलं, तर फोन चालू होताना भलत्याच मोडमध्ये शिरतो. मग अर्धा तास चार्जिंगला लावा आणि पॉवर व आवाज कमी करायचं बटण स्क्रीन काळी होईपर्यंत एकाच वेळी धरून ठेवा.

तरी ढिम्मच असेल तर रिकव्हरी मोड, म्हणजे फोन पूर्ण सुरू न होता उघडणारा दुरुस्तीचा मेनू. तो उघडायची बटणांची जोडी मॉडेलगणिक वेगळी. तिथे बऱ्याच फोनांत टचस्क्रीन चालत नाही, आवाजाच्या बटणांनीच वर-खाली जावं लागतं. 'वाइप कॅशे पार्टिशन' निवडा; त्यात फक्त तात्पुरत्या फाइल्स पुसल्या जातात, डेटा शाबूत राहतो. शेजारीच 'वाइप डेटा' (म्हणजे तोच फॅक्टरी रिसेट) असतं, तेवढं सांभाळा! (काही नव्या फोनांत कॅशेचा पर्याय नसतोच.)

रिसेट करायचाच झाला, तर गूगल खात्याचा पासवर्ड आधी शोधून ठेवा. अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या सुरक्षेमुळे असा रिसेट केलेला फोन पुन्हा सुरू करताना जुनंच खातं मागतो.