मदत हवी आहे : रोज खिशात बाळगण्यासाठी ओपिनेलचा चाकू की व्हिक्टोरिनॉक्सचा?

खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करताना खोक्यांची सुतळी कापण्यासाठी व डब्यातले फळ चिरण्यासाठी घडीचा चाकू घ्यायचा आहे. ओपिनेल ८ चे पाते ८.५ सेंमीचे असून फिरत्या कडीने ते पक्के बसते. परंतु लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि आपल्याकडचा पाऊस तर सर्वांना ठाऊकच आहे. घरच्या जुन्या, लाकडी मुठीच्या चाकूला जवसाचे तेल लावून पाहिले, ते आठवडाभरही टिकले नाही. व्हिक्टोरिनॉक्स कॅडेटची मूठ ॲल्युमिनियमची, पाते स्टेनलेस, मात्र उघडलेले पाते पक्के धरून ठेवणारे लॉक त्याला नाही. धार मी स्वतः दगडावर लावतो, त्यामुळे तो प्रश्न नाही. अशा हलक्या कामासाठी लॉक नसलेले पाते सुरक्षित ठरते का, की ओपिनेलच घेऊन मूठ फुगू नये म्हणून काही टिकाऊ उपाय करता येईल?