मदत हवी आहे: लिबर्टी सिनेमाच्या आतली मापं कुठे मिळतील?

मरीन लाइन्सच्या लिबर्टीचं (१९४९) १:५० मॉडेल करतोय. बाहेरची बाजू फोटोंवरून जमली. अडलंय ते आत: वामन नामजोशींची सजावट, विशेषतः पडद्याच्या दोन्ही बाजूंची ती गोठलेली कारंजी (म्हणजे गोठलेल्या कारंज्याच्या आकाराची सजावट). फोटो भरपूर आहेत, पण त्यांवरून उंची काढायला गेलं की कॅमेऱ्याचा कोन फसवतो. आत टेप लावणं शक्य नाही. रीगल (१९३३) किंवा इरॉसचे (१९३८) संदर्भ कृपया नकोत, ते घराणंच वेगळं!

प्रेक्षागृहाचा मोजमापांसह सेक्शन (उभ्या छेदाचं रेखाचित्र) कुणी पाहिलाय का? आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं जुनं मेजर्ड ड्रॉइंगही (जागेवर मापं घेऊन काढलेलं रेखाचित्र) चालेल. कुठल्या लायब्ररीत आहे, आणि बाहेरच्या माणसाला बघू देतात का?